पाठ नसलेली कुऱ्हाड

हुसेन सोलकर बोटीवरून उतरला तेव्हा
ट्रंकेत साबणाच्या वड्या होत्या, दोन छत्र्या,
आणि तळाशी, तेलकट फडक्यात, ही.
दोन्हीकडे तोंड. मधोमध नेढं.
बाबांनी तिला तळहातावर तोललं,
घेणार नसलेल्या सुरमईला तोलावं तसं.
"हेका पाठ खंय आसा?
मेख मारूची झाली तर काय कपाळान मारू?"

आमच्या भट्टीमागच्या जांभ्याच्या भिंतीवर
कोळशाने काढलेले छाप होते, गिऱ्हाइकागणिक.
कलमांच्या फांद्यांसाठी आखूड, पिंपळपानासारखी.
ऐन-किंजळ पाडायला अरुंद, लांब जबड्याची.
फळी तासायला एका अंगाने सपाट,
आणि डावऱ्या विठू मेस्त्र्याची त्याच्या बरोब्बर उलट;
ती दुसऱ्या कुणी उचलली
की फळी सोडून गुडघा शोधायची.
पण पाठ सगळ्यांना होती.
त्या पाठीने खुंट्या बसल्या, मांडवाच्या मेढी रोवल्या,
पाहुणा आला की नारळ फुटला.

मी भाता ओढत होते, बारा वर्षांची,
करवंटीच्या कोळशाची ठिणगी परकराला लागू न देता.
आठ दिवस ती खिळ्याला टांगलेली.
नवव्या दिवशी बाबा आपल्याशीच म्हणाले,
"दोनय तोंडां सारखीच ठेवली
तर एक फुकट."

मग एका तोंडाला ओलं पोतं गुंडाळलं
आणि दुसरं विस्तवात धरलं.
कानस, सहाण, पुन्हा कानस.
एक धार विड्याच्या पानाइतकी पातळ,
तिचा रंग वाळल्या गवताचा झाला तेव्हा पाण्यात.
दुसरी चिंचोक्यासारखी फुगीर,
तिला जांभळी होऊ दिली, मऊ, चिवट:
गाठीसाठी, मुळांसाठी,
वाळू गिळून वाढलेल्या लाकडासाठी.
दांडा धामणीचा, सरळसोट.
वाकडा दांडा एकाच तोंडाचा मिंधा होतो.

लवू तारीच्या मचव्याला वाक हवे होते.
खाडीच्या मुखाशी उंडी होती,
वाऱ्याने कमरेत वाकवलेली.
पातळ धारेने खोड असं उघडलं
की सालीखालचा ओलावा माझ्या ओठावर उडाला.
आणि गाठ आली.
बाबा थांबले नाहीत. मुठीतल्या मुठीत
दांडा फिरला, आणि पुढचा घाव
दुसऱ्याच कुऱ्हाडीचा पडला.

मग पाचर ठोकायची वेळ आली.
त्यांनी आजूबाजूला पाहिलं,
एक काळा धोंडा उचलला,
आणि माझ्याकडे मुळीच बघितलं नाही.

परत येताना ती खांद्यावर घेता येईना.
कोंबडी धरतात तशी मान खाली करून आणली,
आणि वाटेत भेटलेला प्रत्येक जण
बांधावर जरा जास्तच बाजूला झाला.

आता भट्टीत साखळी-करवतीचे दात घासते मी.
तासाला दोन साखळ्या, चहा धरून.
जाड धारेत एक खोंबण आहे,
जुना पडाव मोडताना खिळा लागला त्याची.
ती काढायची तर अर्धं बोट लोखंड जाईल.
पातळ बाजू दिवाळीच्या आधी एकदा सहाणेवर घेते,
ही राहू दिलीय.

परवा रिसॉर्टवाला आला, भिंतीला लावायला मागत होता.
दोन हजार म्हणाला. तीन म्हणाला.
मग उलटसुलट करून विचारलं,
"हिची पुढची बाजू कुठली, ताई?"
म्हटलं, "झाड दाखव, मग सांगतंय."
हसला. त्याला वाटलं, भाव वाढवतेय.

छाप अजून आहे भिंतीवर, सगळ्यात खाली,
बाबांनी अंगठ्याने एक कड पुसून
परत काढलेला.
कुठली कड, ते ओल आल्यापासून कळत नाही.